एलपीएन नर्सिंग (अमेरिका): करिअर स्कूलमधलं माझं वर्ष आणि त्याचा हिशेब

ताकभात (न्यू जर्सी)

मागच्या महिन्यात माझं लायसन्स आलं. नावापुढे आता एलपीएन लिहायचं, म्हणजे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स. गेल्या वर्षभरात तीन मैत्रिणींनी "कसा आहे गं हा कोर्स" म्हणून विचारलं आणि तिघींना फोनवर तेच तेच सांगितलं. आता एकदाच लिहून टाकते.

मी ४४ वर्षांची, नाशिकची, बी.कॉम. लग्नाआधी चार वर्षं सहकारी बँकेत क्लार्क होते. २००९ साली एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) इकडे आले, दोन मुलं झाली, ग्रीन कार्ड २०२२ मध्ये मिळालं. ते मिळाल्यावर सगळ्यांनी एकच सल्ला दिला: सॉफ्टवेअर टेस्टिंगचा क्लास लाव. लावला. दोन आठवड्यांनी सोडला. नर्सिंगच का, याला फार उदात्त कारण नाही. साधारण वर्षात संपणारं, हातात परवाना देणारं आणि कुठल्याही गावात चालणारं काम हवं होतं.

एलपीएन म्हणजे काय ते थोडक्यात. (टेक्सास आणि कॅलिफोर्नियात यालाच एलव्हीएन म्हणतात.) नर्सिंग होममध्ये (इथे म्हणजे वृद्ध-आजारी माणसांचं निवासी शुश्रूषागृह) सीएनए, म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट, अंघोळ, कपडे, जेवण बघते. आर.एन., म्हणजे आमच्या वरची रजिस्टर्ड नर्स, पेशंटची पहिली तपासणी करून काळजीचा आराखडा ठरवते. मधलं बरंचसं आमच्याकडे: गोळ्या, इन्सुलिन, ड्रेसिंग, कॅथेटर, नळीने अन्न. शिरेतून काय द्यायचं आणि काय नाही याचे नियम राज्यागणिक बदलतात.

शिकायला तीन दारं होती. काउंटीची व्होकेशनल शाळा: फी कमी, पण मी विचारलं तेव्हा रांग दीड वर्षाची. कम्युनिटी कॉलेजात थेट आर.एन.: त्याआधी ॲनाटॉमी, मायक्रोबायॉलॉजी वगैरे विषय सुटे करायचे, मग अर्ज. आणि खाजगी करिअर स्कूल: आज फोन केला की उद्या भेटायला बोलावतात, परवा सहीला. मी तिसऱ्या दारातून गेले. पुस्तकं, स्क्रब्ज, ऑनलाइन सराव धरून २८ हजार डॉलर.

पहिली चपराक तिथेच बसली. ॲडमिशनच्या बाई म्हणाल्या, तुला पेल ग्रँट मिळेल, ७ हजारांच्या वर, परत फेडायची नाही. घरी येऊन फॅफ्सा (सरकारी शिक्षण-मदतीचा अर्ज) भरला तर ग्रँट शून्य. पेल ग्रँट पदवी नसलेल्यांसाठी असते, आणि पदवी परदेशातली असली तरी ती पदवीच धरतात. माझ्या ज्या बी.कॉम.ला इथे नोकरीसाठी कुत्रं विचारत नव्हतं, ते नेमकं इथे मोजलं गेलं. कर्ज मात्र मिळालं.

कागदपत्रांचा तमाशा वेगळाच. बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव आणि मधे वडील. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मधे नवरा. मार्कशीट तपासून देणाऱ्या कंपनीला वाटलं या दोन वेगवेगळ्या बायका आहेत. लग्नाचा दाखला, शपथपत्र, पुन्हा पोस्ट. बोटांचे ठसे देताना 'याआधीची नावं' या रकान्यात जागा पुरली नाही.

टीबीच्या टेस्टचं मात्र लक्षात ठेवा. आपल्यापैकी बहुतेकींच्या दंडावर बीसीजीचा व्रण असतो आणि त्यामुळे कातडीत टोचून करायची टेस्ट फुगू शकते. माझी फुगली. क्लिनिकमधल्या मुलीने असं बघितलं की मी आत्ताच खोकणार आहे, आणि एक्स-रेची चिठ्ठी हातात ठेवली. आधीच रक्ताची टेस्ट मागा, क्वांटिफेरॉन वगैरे. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. माझी निगेटिव्ह आली, पण दोन आठवडे गेले ते गेलेच.

वर्गात हैतीच्या, घानाच्या, जमैकाच्या, फिलिपिन्सच्या बायका. निम्म्याहून जास्त आधीपासून सीएनए, रात्रपाळी करून सकाळी थेट वर्गात यायच्या. मी एकटीच अशी, जिने कधी परक्या माणसाचं अंथरूण बदललं नव्हतं. गणितात मी पुढे असणार याची मला खात्री होती. डोसेजची परीक्षा, पासिंग ९० टक्के, दोनच संधी. '१००० मिली सलाइन ८ तासांत, १५ थेंबांना १ मिली, तर मिनिटाला किती थेंब?' असले प्रश्न. ३१. तोंडी सुटतात. तरी पहिल्या खेपेला ८४ पडले.

कारण बँक. बँकेत पाच रुपये ५.०० असेच लिहायचे, नाहीतर पुढे कुणी आकडा घुसडेल. औषधात नेमकं उलटं. ५ मिलिग्रॅम म्हणजे फक्त ५. मागे ठिपका-शून्य लावलं आणि ठिपका अंधुक उमटला, तर वाचणारी ५० वाचते आणि दहापट डोस देते. अर्धा मिलिग्रॅम मात्र ०.५ असाच लिहायचा, पुढचं शून्य गाळायचं नाही, नाहीतर ठिपका हरवला की ५ होतात. मी सगळी उत्तरं बरोबर काढून शेवटी इमाने इतबारे '.०' लावत गेले होते. बाईंनी लाल पेनाने प्रत्येक ठिपक्याला गोल केला होता. चार वर्षांची सवय हातातून जायला महिना लागला. अजूनही किराण्याच्या यादीत '२ लिटर दूध' लिहिताना हात थबकतो.

क्लिनिकल, म्हणजे प्रत्यक्ष पेशंटसोबतचं शिक्षण, नर्सिंग होममध्ये. पावणेसातला हजर, केस बांधलेले, नखं कापलेली. पहिल्या दिवशी मंगळसूत्र आत घालून गेले होते, इन्स्ट्रक्टरने काढायला लावलं. धार्मिक कारण सांगू लागले तर म्हणाली, धर्माचं मला काही नाही, डिमेन्शियाचा पेशंट गळ्यातलं ओढतो.

एक प्रसंग सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). गोळ्यांची गाडी घेऊन एका आजींच्या खोलीत गेले. ॲपलसॉसमध्ये चुरलेल्या दोन गोळ्या चमच्याने दिल्या. तिसरी चुरायची नव्हती, ती हळूहळू विरघळणारी होती, चुरली तर दिवसभराचा डोस एका दमात अंगात जातो. ती आजींनी तोंडात घेतली, पाणी प्यायल्या, हसून मान हलवली. मी कॉम्प्युटरवर 'दिली' अशी खूण केली. मागे उभी असलेली इन्स्ट्रक्टर म्हणाली, उशी उचल. खाली टिश्यू पेपरात गुंडाळलेल्या त्याच रंगाच्या तीन गोळ्या. चौथी अजून गालात होती. "तू दिली असं लिहिलंस," ती म्हणाली, "तिने गिळली का?" तेव्हापासून मी जीभ वर करायला लावते. आजींना राग येतो. येऊ दे.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते.

आमच्या शाळेच्या भिंतीवर मोठा फलक आहे: लायसन्स परीक्षेत ९३ टक्के पहिल्याच प्रयत्नात पास. आकडा खोटा नाही. पण आमच्या बॅचचा पट ३४ होता. कोर्स पूर्ण केला २१ जणींनी. शाळेने परीक्षेसाठी नावं पाठवली १५. पास १४. पंधरात चौदा म्हणजे ९३ टक्के, बरोबर. चौतिसात चौदा म्हणजे ४१.

मधल्या सहाजणींचं काय झालं? शेवटी शाळेची एक अंदाज-परीक्षा असते. तिच्यात ठरावीक गुण पडेपर्यंत, कोर्स पूर्ण झाल्याचा कागद शाळा राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे पाठवत नाही. गुण पडले नाहीत तर ९०० डॉलर भरून उजळणी वर्ग. सहीच्या वेळी हे वीस पानी कागदात कुठेतरी होतं, तोंडी कुणी बोललं नव्हतं. आपल्याकडे काही शाळा कच्च्या पोरांना नववीत गाळायच्या, नाहीतर १७ नंबरचा फॉर्म भरायला लावायच्या, का तर दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा. सात समुद्र ओलांडून तेच. माझ्या बाकावरची हैतीची मैत्रीण, अकरा वर्षं सीएनए, जिच्याकडून मी पेशंटला कुशीवर वळवायला शिकले, ती अजून त्या सहांत आहे.

म्हणून शाळेला 'निकाल किती टक्के' विचारू नका. पटावर किती, पूर्ण किती, परीक्षेला किती, हे तीन आकडे विचारा आणि लेखी मागा. निकालाचा आकडा तर राज्याचं नर्सिंग बोर्डही शाळानिहाय जाहीर करतं, तो घरबसल्या सापडतो. पट सापडत नाही.

परीक्षा: एनक्लेक्स-पीएन, फी २०० डॉलर, किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न, पाच तास. उत्तरांवरून कॉम्प्युटर पुढचा प्रश्न सोपा-अवघड ठरवतो आणि त्याची खात्री पटली की बंद पडतो. माझा ८५ ला बंद पडला. पार्किंगमध्ये बसून रडले, कारण ८५ ला पासही होतात आणि नापासही. दोन दिवसांनी ८ डॉलरला पाच सेंट कमी भरून निकाल बघितला.

आता दुपारी ३ ते ११ ची पाळी, तासाला ३४ डॉलर. विचारा काय विचारायचं ते.

---

मीठभाकरी

वाचनखूण साठवली! ५.० वालं वाचून अंगावर काटा आला. मी एच-४ वर आहे, डॅलसजवळ. मला करता येईल का?

ताकभात

शिकता येतं, एच-४ वर शिक्षणाला बंदी नाही. काम करता येत नाही. नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालं असेल तर एच-४ ईएडी (कामाचा परवाना) मिळू शकतं, ती सोय २०१५ पासून आहे. ईएडी नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबर नाही, आणि तो नसला की लायसन्सचा अर्ज अडू शकतो. आधी तुमच्या राज्याच्या बोर्डाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, मग फी भरा. सरकारी कर्जही एच-४ ला नाही, म्हणजे सगळी पदरमोड.

रात्रपाळी (टेक्सास)

अभिनंदन. मी मुंबईत बी.एस्सी. नर्सिंग केलं, इथे १८ वर्षं आर.एन. आहे. लेख चांगला आहे, पण थोडं कटू बोलते. ज्यांना शक्य आहे त्यांनी एलपीएनच्या वाटेला जाऊ नये. सरकारी कामगार खात्याचे मे २०२४ चे आकडे बघा: एलपीएनचं मधलं वार्षिक वेतन ६२,३४० डॉलर, आर.एन.चं ९३,६००. एका वर्षाच्या फरकासाठी जन्मभर ३० हजार कमी? शिवाय मोठ्या हॉस्पिटलांत एलपीएनच्या जागा कमीच. तुम्हाला मिळणार नर्सिंग होम, होम केअर, डॉक्टरांचे दवाखाने. आणि नर्सिंग होममध्ये एका पाळीत २५-३० पेशंट एकटीवर येतात. ४४ व्या वर्षी ते पायांना झेपतं, ५४ व्या वर्षी नाही.

ताकभात

आकडे मान्य. पण 'एका वर्षाचा फरक' कागदावर. मला आधी पाच विषय सुटे करायचे होते, दोन मुलं सांभाळून त्यालाच दीड वर्ष लागलं असतं, मग अर्ज, मग जागा मिळाली तर दोन वर्षं. साडेतीन-चार वर्षं घरात एक पैसा न आणता. माझ्याच्याने ते झालं नसतं, हे मला माहीत होतं. पायांचं बरोबर बोललात. पहिल्या आठवड्यात रात्री बादलीत मीठ-पाणी घेऊन बसत होते.

दोन_शून्य

लोकहो, गैरसमज नको, पण बी.कॉम. होऊन, बँकेत नोकरी करून, अमेरिकेत येऊन शेवटी लोकांचे बेडपॅन? हे करायला इतकं लांब यायची काय गरज होती? भारतात घरी दोन बायका कामाला असत्या.

मीठभाकरी

आणि त्या दोन बायकांनी कुठे जायचं हो?

खिडकीपाशी

@दोन_शून्य, माझी आजी पुण्याची. बालविधवा. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनातून तिला नर्सिंगला घातलं तेव्हा घरच्यांनी हेच विचारलं होतं म्हणे, शब्द थोडे वेगळे. ब्राह्मणाची पोर आणि परक्या पुरुषांचं मलमूत्र! तिने ३१ वर्षं नोकरी केली, तिच्या कमाईवर माझे वडील शिकले. म्हातारपणी तिच्या बेडपॅनला आम्ही बाई ठेवली होती. तेव्हा आजीच त्या बाईला शिकवायची: भांडं आधी कोमट पाण्याने विसळ, थंड धातू अंगाला लागला की माणूस आखडतं.

ताकभात

@खिडकीपाशी, आता भांडी प्लास्टिकची असतात, पण हे मी उद्या सीएनए मुलींना सांगणार.

@दोन_शून्य, बेडपॅन बहुतेक वेळा सीएनए देते, पण ती दुसरीकडे अडकली असेल तर मी देते. बँकेत मॅनेजरचा चहा आणायला पाठवायचे, त्याचा परवाना लागत नव्हता.

दोन_शून्य

बरं बाबा, शब्द मागे घेतो. बायकोनेही वाचलं आणि आज जेवण मिळेल की नाही शंका आहे.

कृष्णाकाठ

नमस्कार, मी सांगली जिल्ह्यातून. धाकट्या बहिणीने बारावी केली आहे. इथे एक इन्स्टिट्यूट आहे, 'नर्सिंग असिस्टंट, एक वर्ष, ६० हजार, परदेशात नोकरीची संधी' अशी जाहिरात. ते म्हणतात अमेरिकेतल्या एलपीएनच्या बरोबरीचं आहे. खरं का? वडील दोन दिवसांत पैसे भरणार आहेत.

रात्रपाळी

थांबवा वडिलांना. आजच.

आपल्याकडे नर्स म्हणून नोंदणी होणारे कोर्स ठरलेले आहेत: एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन, बी.एस्सी. नर्सिंग चार. एक वर्षाच्या असिस्टंट कोर्सवर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळत नाही. नोंदणी नाही म्हणजे ती कायद्याने नर्स नाही. खाजगी दवाखान्यात कमी पगारावर राबवून घेतील, एवढंच. संस्थेत जाऊन विचारा, 'कौन्सिलच्या यादीत तुमचं नाव दाखवा'. 'मान्यताप्राप्त' हा शब्द ऐकून परत येऊ नका, कुणाची मान्यता ते विचारा. आयएसओ सर्टिफिकेट दाखवतील. ते झेरॉक्सच्या दुकानालाही मिळतं.

आणि परदेशाचं. नर्सेसना इथे ग्रीन कार्डासाठी जी सवलत आहे, म्हणजे 'अमेरिकन माणूस मिळाला नाही' हे एम्प्लॉयरने वेगळं सिद्ध करायची गरज नाही, ती शेड्यूल ए नावाच्या यादीमुळे. त्या यादीत आर.एन. आणि फिजिओथेरपिस्ट आहेत. एलपीएन नाही. एलपीएन होऊन भारतातून अमेरिकेत यायचा असा राजमार्ग कुणी दाखवत असेल तर तो तुमच्या खिशाकडे जातो. बहिणीला खरंच यायचं असेल तर बी.एस्सी. नाहीतर जीएनएम करू दे, दोन-तीन वर्षं चांगल्या हॉस्पिटलात वॉर्डात काढू दे, मग आर.एन.ची एनक्लेक्स.

कृष्णाकाठ

खूप आभार ताई. उद्या सकाळी वडिलांना घेऊन जातो.

मेपलचं_पान (ओंटारियो)

आमच्याकडचं सांगते, गोंधळ नको. ओंटारियोत याला आरपीएन म्हणतात, रजिस्टर्ड प्रॅक्टिकल नर्स. कॉलेजचा दोन वर्षांचा डिप्लोमा, परीक्षाही वेगळी, रेक्स-पीएन, २०२२ पासून. इथे हॉस्पिटलांत आरपीएन भरपूर दिसतात, त्यामुळे टेक्सासचा हिशेब इथे जसाच्या तसा लावू नका.

गणपुले_गुरुजी

ताकभात, छान लिहिताय. अभ्यासाचं सांगा ना. मराठी माध्यमातून शिकलेल्या बाईला जमेल का?

ताकभात

मीही मराठी माध्यमाचीच. शास्त्रातले शब्द जमतात, ते सगळ्यांनाच नवीन असतात. नडतात ते साधे शब्द. पहिल्या आठवड्यात पेशंटने 'व्हॉइड' केलं का असं विचारलं, मी म्हटलं काय रद्द केलं? (लघवी झाली का, असं विचारत होते.) बँकेत व्हॉइड म्हणजे चेक.

परीक्षेचा खरा त्रास वेगळा आहे. प्रश्न असा असतो: पेशंटला धाप लागली, नर्स सर्वांत आधी काय करेल? पर्यायात 'डॉक्टरांना कळवेल' असतं आणि आपला हात आपसूक तिकडे जातो, कारण लहानपणापासून तेच शिकलोय, मोठ्या माणसाला सांगा. बहुतेक वेळा ते चूक. आधी स्वतः बघ: पलंगाचं डोकं वर कर, ऑक्सिजन किती ते बघ, मग फोन. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारणार. 'लागू असतील ते सगळे निवडा' या प्रश्नांत तर पाच वाक्यांपैकी किती बरोबर तेही सांगत नाहीत. मी प्रत्येक वाक्य सुटं 'खरं की खोटं' असं सोडवायला लागले तेव्हा जमलं. धाकट्या मुलाला समोर बसवून मराठीत समजावून सांगायचे. त्याला आता इन्सुलिनचे प्रकार पाठ आहेत.

आपली भाषा उपयोगालाही येते. एक गुजराती बा तीन दिवस गोळ्या नाकारत होत्या, नोंदीत 'असहकार' असं लिहिलेलं. मी मोडक्या हिंदी-गुजरातीत विचारलं तर म्हणाल्या, बर्फाचं पाणी देतात, दात ठणकतात. कोमट पाणी दिलं, गोळ्या घेतल्या. मात्र सांभाळा, संमतीचे कागद किंवा निदान समजावून सांगायचं असेल तर दुभाषाच बोलवायचा, आपण मधे पडायचं नाही. इन्स्ट्रक्टरने मला लगेच बजावलं होतं.

रात्रपाळी

हे बरोबर. आता पुढचं सांगा, आर.एन. करणार की नाही? आणि शाळेचे क्रेडिट कॉलेज धरणार का? बहुतेक करिअर स्कूलचे तास कम्युनिटी कॉलेजात कुणी विचारत नाही. शाळांच्या मान्यतेत 'रिजनल' आणि 'नॅशनल' असा भेद होता, तो केंद्राने २०२० मध्ये कागदावरून काढला, पण कॉलेजांची सवय गेलेली नाही.

ताकभात

तुमची शंका खरी ठरली. काउंटी कॉलेजात गेले होते. आमच्या शाळेचा ट्रान्सक्रिप्ट त्यांनी टेबलावरून माझ्याकडे परत सरकवला. पण म्हणाले, चालू एलपीएन लायसन्स असेल तर पहिल्या सेमिस्टरच्या नर्सिंगचं क्रेडिट लायसन्सवर देतो. म्हणजे २८ हजारांच्या शिक्षणाची किंमत शून्य आणि २०० डॉलरच्या परीक्षेची एक सेमिस्टर. ॲनाटॉमी पुन्हा करायची आहे. सप्टेंबरमध्ये एकच विषय घेतेय, संध्याकाळची पाळी सोडून रात्रीची मागितली आहे.

रात्रपाळी

शाब्बास. एक विषय बास. आणि पोटऱ्यांना दाब देणारे लांब मोजे घ्या, मीठ-पाण्याने काही होत नाही.

कृष्णाकाठ (दहा दिवसांनी)

ताई, कळवतो. संस्थेत गेलो, कौन्सिलची यादी मागितली. म्हणाले प्रक्रिया चालू आहे. वडिलांनी विचारलं, किती वर्षांपासून? ते म्हणाले चहा घ्या. पैसे भरले नाहीत. बहीण थोडी नाराज आहे, तिच्या दोन मैत्रिणींनी भरलेत.

मीठभाकरी

नवऱ्याचं आय-१४० मंजूर आहे, ईएडीचा अर्ज टाकला! तोवर इथल्या दोन शाळांना फोन केले. पहिलीला पट विचारला तर "आमचा पास रेट..." असं सुरू झालं. मी म्हटलं पास रेट नको, किती जणी आल्या आणि किती जणी परीक्षेला बसल्या? "मॅनेजर फोन करतील." चार दिवस झाले. दुसरीने ईमेलवर आकडे पाठवले: २६ आल्या, २० पूर्ण, २० बसल्या, १६ पास.

ताकभात

म्हणजे ८० टक्के, आणि आमच्या ९३ पेक्षा चांगले. वीसच्या वीस बसवल्या बघा. पण गेलेल्या सहाजणी का गेल्या ते विचारा, आणि क्लिनिकलची जागा कोणती, तिच्याशी करार कधीपर्यंत आहे तेही. आमची जागा मधेच सुटली होती, पाच आठवडे नुसते घरी बसलो. एक दिवस वर्गात बसू द्या म्हणावं. लॅबमध्ये जाल तेव्हा पुतळ्यांचे हात बघा. सुईने चाळणी झालेले असतील तर मुली खरंच सराव करतात.

आणि हो, माझ्या हैतीच्या मैत्रिणीचं नाव काल बोर्डाकडे गेलं. तिसऱ्यांदा ९०० भरल्यावर. परीक्षा २३ तारखेला आहे, मी तिला गाडीने सोडणार आहे.